कानबाईचं फडकं

मी जात्याच भित्री. लहानपणी गोठ्यातल्या म्हशीला भ्यायचे, लग्न झाल्यावर सासूला भ्यायचे, आणि शिक्षिका झाल्यावर कुणाकुणाला भ्यायचे ते सांगत बसले तर तुमची दुपार जाईल. तपासणीच्या साहेबांना, शाळा समितीच्या आबांना, चौथीतल्या थोराड पोरांनासुद्धा. आणि सगळ्यांत जास्त भ्यायचे ते या गोष्टीला, की एक दिवस कुणीतरी वर्गात येईल आणि सगळ्यांसमोर म्हणेल, "बाई, तुम्हाला शिकवता येत नाही."

ते खोटंही नव्हतं हो. सातवीनंतर माझं लग्न झालं. पुढचं सगळं मी चुलीपुढे बसून, धाकट्या दिराची जुनी पुस्तकं वाचून केलं. मॅट्रिक बाहेरून, दुसऱ्या खेपेला. डी.एड. वगैरे काही नाही. ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं, आडगावांना शिक्षिका मिळत नव्हत्या, म्हणून मला तात्पुरती ऑर्डर मिळाली. ती दर जूनला नवी व्हायची. झाली तर.

गाव चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. चहूकडे केळीच केळी. मी नरडाण्याकडची, कोरडवाहू मुलखातली, बाजरी आणि भुईमूग बघून वाढलेली. घरधनी दीपनगरला वीज केंद्रात कामाला, महिन्यातून दोनदा यायचे. मी एका खोलीत भाड्याने राहायचे आणि दुसऱ्या एका खोलीत शिकवायचे. पहिली ते चौथी, सगळी पोरं त्या एकाच खोलीत, आणि मी एकटी.

आता वर्गाचं सांगते. बसायला बाक नव्हते. ज्याने त्याने घरून आपलं बारदान आणायचं, म्हणजे पोत्याचं तरट, ते अंथरायचं, आणि शाळा सुटली की घडी करून काखेत मारून घरी न्यायचं. कुणी कुठे बसायचं हे मी कधी सांगितलं नाही, पण पहिल्याच दिवशी पोरं आपोआप जाऊन बसली. पाटलांच्या गल्लीतली फळ्यापुढे. मशिदीमागच्या पिंजाऱ्यांची पोरं खिडकीपाशी. आणि नदीकाठच्या भिलाटीतली, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतली, पाच-सहा पोरं दाराशी, नुसत्या फरशीवर. त्यांच्याकडे बारदान नव्हतं. सगळी घरची बसायची जागा बरोबर घेऊनच आल्यासारखी.

मला ते खुपायचं. पण बोलायचं धाडस नव्हतं.

चित्रकलेच्या तासाला आणखी एक गोष्ट कळली. मी फळ्यावर आंबा काढला. पोरांनी पाटीवर आंबा काढला. सगळ्यांचा आंबा माझ्याच आंब्यासारखा, देठाला एकच पान, तेही डावीकडे. मी म्हटलं, "अरे, आता तुमच्या मनातलं काहीतरी काढा." कुणाचा हात हलेना. एकजण हळूच म्हणाला, "बाई, मनातलं म्हणजे कोणतं? फळ्यावर काढा ना." तेव्हा माझ्या लक्षात आलं, ही पोरं माझ्यासारखीच आहेत. चुकायला भितात.

त्यावर मला एक सुचलं. हे कुणी शिकवलेलं नाही, कोणत्या पुस्तकातलं नाही. पावसाळ्याचे दिवस, फरशी ओली, दाराशी बसणारी पोरं कुडकुडायची. मी म्हटलं, आपण सगळ्यांची बारदानं उसवून एकाला एक जोडून शिवू. वरून घरोघरच्या कापडाचे तुकडे लावू. सबंध वर्गाची एकच गोधडी. मग कुणाचं तरट कुठे हा प्रश्नच उरणार नाही.

आणि मी पोरांना काय सांगितलं, ते शब्द अजून माझ्या कानात आहेत. मी म्हटलं, "उद्या घरून एकेक तुकडा आणायचा. चिंधी नको. घरातल्या सगळ्यांचा जीव असेल अशा कापडाचा."

केवढं गोड वाटलं होतं मला माझंच बोलणं!

तुकडे आले. धोतराचे, लुगड्याचे, लंगोटाचासुद्धा एक आला आणि वर्ग पाच मिनिटं हसत होता. आबांची नात दुसरीत होती, सात वर्षांची, डोळे मोठे आणि बोलणं कमी. तिने एक मऊ, पिवळट पडलेलं फडकं आणलं. हळदीचे डाग होते. मी विचारलं, "कुणाचं गं?" ती म्हणाली, "आजीनं शे." म्हणजे आजीचं आहे. खानदेशात हळदीचे डाग कोणत्या घरच्या कापडाला नसतात? मी ठेवून घेतलं.

दोन आठवडे रोज मधल्या सुट्टीनंतर शिवण चालली. पिंजाऱ्यांच्या एका पोराची आई गाद्या शिवायची. तिने दाभण दिली, टाका कसा घालायचा ते दाखवून गेली. पोरं गोल करून बसायची आणि एकमेकांना टोमणे मारायची.

"ए, तुना टाका देख, जशी गोगलगाय चालनी."

"आनि तुना? म्हैस मुतनी तसा."

मी रागावल्यासारखं करायचे आणि तोंड फिरवून हसायचे. शिवताना कोण कुठल्या गल्लीतलं हे पोरं विसरायची. दाभण एकच, ती हातोहात फिरायची. भिलाटीतली एक मुलगी तिसरीत होती, तिचा टाका सगळ्यांत सरळ. मग तिला बोलावणी यायला लागली, "ए, आठे ये, मनं हाई तिरपं जाई राह्यनं." ती उड्या मारत या टोकाहून त्या टोकाला. आबांची नात तिच्या मागे मागे, सुतळीचा गुंडा धरून.

गोधडी झाली. मग मला वाटलं, यावर पोरांनी आपलं काही काढावं. रंग कुठून आणायचे? पोरंच म्हणाली, "बाई, चीक!" केळीचं खोड कापलं की पाण्यासारखा चीक गळतो. कपड्याला लागला की आधी दिसत नाही, तासाभराने तपकिरी होतो, दुसऱ्या दिवशी काळपट. आणि मग कापड फाटेपर्यंत तो डाग जात नाही. केळीत राबणाऱ्या प्रत्येकाचा सदरा पाहा. मला वाटलं, वा, पक्का रंग!

पोरांनी ठरवलं, हाताचे ठसे उमटवायचे. त्यावर मी नियम केला. स्वतःच्या तुकड्यावर हात ठेवायचा नाही, दुसऱ्याच्या तुकड्यावर ठेवायचा, आणि ज्याचा तुकडा त्याला विचारून. बुधवारी ते झालं. ताज्या कापलेल्या खोडावर हात चोळायचा, विचारायचं, आणि दाबायचा. "ठेवू का?" "ठेव." "ठेवू का?" "ठेव ना भो, कितीदा विचारशील!" तासभर वर्गात नुसतं हेच चाललं होतं. काहीच दिसत नव्हतं आणि तरी सगळे बघत होते. संध्याकाळी मी कुलूप लावायला गेले तेव्हा हात उमटायला लागले होते. एकेक, हळूहळू, जसं कुणी खालून वर येतंय. मला इतका आनंद झाला की मी दारातच बसून राहिले.

तो आनंद गुरुवारी सकाळी दहापर्यंत टिकला.

आबांची नात माझ्या टेबलाशी आली. पदर ओढून, अगदी कानाशी म्हणाली, "बाई, ते फडकं कानबाईनं शे."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "कोणतं फडकं?"

तिने बोट दाखवलं. गोधडीच्या मधोमध, पिवळट तुकडा. त्यावर काळपट तपकिरी, पाचही बोटं फाकलेला हात.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. देवी म्हणजे नारळ. त्याला डोळे लावतात, नथ घालतात, चौरंगावर बसवतात. दुसऱ्या दिवशी नदीवर नेऊन आणतात. तोच नारळ वर्षानुवर्षं चालतो, आणि वर्षभर एका फडक्यात गुंडाळून देवघराच्या पेटीत असतो. तिचा रोट, म्हणजे प्रसादाचा स्वयंपाक, फक्त भाऊबंदांनी खायचा. दुसऱ्या कुळाच्या माणसाला त्यातला घासही देत नाहीत. इतकं कडक. हे मला कुणी सांगायला नको होतं. माझ्या सासरीही कानबाई बसते.

आणि तिचं फडकं मी जमिनीवर अंथरलं होतं. बुधवारपासून सगळी पोरं त्यावर बसली होती. अख्ख्या गावाचे पाय लागले होते. आणि त्यावर जो हात होता तो भिलाटीतल्या मुलीचा होता. नातीनेच तिला "ठेव" म्हटलं होतं, मी ऐकलं होतं.

 मी तिला जवळ ओढून विचारलं, "अगं, ते कशाला आणलंस?"

ती म्हणाली, "तुम्हीच सांगेल व्हतं ना. घरमा बठ्ठासना जीव शे असं आना."

मग तिने आणखी एक सांगितलं, मला धीर देण्यासाठीच बहुतेक. "नारळ उघडा नही शे बाई. मी त्याले मनं झबलं गुंडाळी दिधं."

येता रविवारच कानबाईचा. म्हणजे शनिवारी पेटी उघडणार, आणि कानबाई झबलं घालून बाहेर येणार.

मी पोरांना गोधडीवरून उठवलं. "आज फरशीवर बसा, गोधडी वाळवायची आहे," असं काहीतरी सांगितलं. शाळा सुटल्यावर दार आतून लावलं आणि तो तुकडा उसवला. टाके त्या मुलीचेच होते, सरळ आणि घट्ट. निघता निघेनात. प्रत्येक टाक्याला मी दाराकडे बघत होते.

शुक्रवारी सकाळी उजाडल्या उजाडल्या तो डाग काढायला बसले. लिंबू चोळलं. काही नाही. रॉकेल लावून बघितलं. काही नाही, वर वास. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलं. आणि काय सांगू तुम्हाला, पाण्यात पडताक्षणी त्या फडक्यावरचे हळदीचे सगळे डाग लालभडक झाले. रक्तासारखे. हळदीला सोडा लागला की ती लाल होते, हे मला माहीत होतं. कुंकू तसंच तर करतात. पण माहीत असून काय उपयोग? मी बादली सोडून भिंतीला टेकले आणि हात जोडून मोठ्याने म्हणाले, "आई, माझं चुकलं, लेकरांना काही करू नको." घरमालकीण पलीकडून ओरडली, "काय व्हयनं वं बाई?" मी म्हटलं, "विंचू." ती झाडू घेऊन आली आणि आम्ही दोघींनी मिळून अर्धा तास नसलेला विंचू शोधला.

लिंबाच्या पाण्यात काढल्यावर हळद परत पिवळी झाली. हात मात्र तसाच. धुऊन आणखी उठून दिसत होता.

संध्याकाळी ठरवलं, आबांच्या घरी जायचं आणि अक्काच्या पायावर हे घालायचं. अक्का म्हणजे आबांची बायको, सगळं गाव तिला अक्काच म्हणायचं. फडकं पिशवीत घातलं, वर वह्या ठेवल्या. ओट्यावर आबाच बसले होते.

"या बाई, या. बसा. अगं, बाईंना चहा टाक."

मी बसले. पिशवी मांडीवर. मग वाटलं, कानबाईचं वस्त्र मांडीवर? म्हणून उचलून छातीशी धरली. आबा बघत राहिले.

"काय काम काढलं?"

मी म्हटलं, "खडू संपले."

"खडू?"

"हो. पांढरे."

आबांनी मान हलवली. चहा आला. आत अक्काचा आवाज येत होता, पण बाहेर ती आली नाही. मग आबाच बोलले, आणि ते असं बोलले की मी चहाचा घोट गिळायचं विसरले.

"बाई, राग मानू नका. पण कानबाई झाली की नातीला चोपड्याला तिच्या मामाकडे टाकायचा विचार आहे. तिथली शाळा मोठी. इथं काय, पोरगी घरी येते आणि कुणाचा टाका सरळ, कुणाचा तिरपा हेच सांगते. शाळेत पाठवलं ते गोधड्या शिवायला का?"

  आबांची नात गेली की पाटलांच्या गल्लीतली निम्मी पोरं जाणार, हे ओट्यावरच्या कुत्र्यालाही कळलं असतं. पट कोसळणार, साहेब विचारणार, आणि माझी जूनची ऑर्डर काही येणार नव्हती. पण खरं सांगते, त्या वेळी ऑर्डरपेक्षा मला ती मुलगी दिसत होती, सुतळीचा गुंडा धरून त्या सरळ टाक्याच्या मुलीमागे धावणारी. चोपड्याच्या मोठ्या शाळेत तिला कुणी ओळखीचं नसणार. आणि पिशवीतलं फडकं आबांना दिसलं असतं तर मामाकडे जायलाही तिला सोमवार उजाडला नसता. आणि भिलाटीतल्या मुलीचं काय झालं असतं, तो विचार मी पुढे करूच शकले नाही.

मी पिशवी छातीशी धरून तशीच परत आले. खडू न घेता.

शनिवारी सकाळची शाळा. मी सातच्या आधीच पोचले तर पायरीवर अक्का बसलेली. एकटी. पदराखाली काहीतरी झाकलेलं.  तिने हळूच पदर बाजूला केला. छोटं झबलं होतं, निळ्या फुलांचं.

"बाई," ती म्हणाली, "नारळले हाई कोनी घालं?"

तिची बोली मी आता सोपी करून लिहिते. मी दार उघडलं, तिला आत घेतलं, आणि रडत रडत सगळं सांगितलं. सुरुवातीपासून. घरातल्या सगळ्यांचा जीव असेल असं कापड आणा, हे मीच म्हटलं होतं, तेसुद्धा. मग फडकं काढून तिच्यापुढे धरलं.

तिने ते हातात घेतलं. वास घेतला. "लिंबू?"

"लिंबू, रॉकेल आणि सोडा," मी म्हटलं.

"आणि हा हात?"

"भिलाटीतल्या मुलीचा."

अक्काने फडकं पटकन टेबलावर ठेवलं आणि हात पदराला पुसले. मी ते बघितलं, आणि मी ते बघितलं हे तिनेही बघितलं.  मग ती म्हणाली, "हे मला सांगितलं नसतंस तरी चाललं असतं."

मला वाटलं, संपलं. आता ही उठेल, घरी जाईल, आबांना सांगेल.

अक्का उठली नाही. तिने दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि एकदम वेगळ्याच, बारीक आवाजात म्हणाली, "बाई, हे फडकं कानबाईचं नाही."

"म्हणजे?"

"खरं फडकं उंदरांनी खाल्लं. मी नवी सून होते. पेटी झटकायचं काम माझं, आणि मी महिनाभर झटकली नाही. उघडून बघते तर चोथा. सासू कशी होती ते या गावात कुणालाही विचार, मेली तरी लोक तिचं नाव हळू घेतात. मी माझ्या लुगड्याचा कोपरा फाडला, हळदीत बुडवला, वाळवला, आणि नारळ गुंडाळून ठेवला. कुणाला कळलं नाही. चाळीस वर्षं व्हायला आली."

मी फडकं उलटसुलट करून बघितलं.

"कानबाईने मला काही केलं नाही," अक्का म्हणाली. "पोरं झाली, जगली. पण भीती गेली नाही गं. दर श्रावणात गाठोडं सोडताना माझे हात लटलट कापतात. बायका म्हणतात, अक्काच्या अंगात आलं. पाया पडतात माझ्या! मी काय सांगू त्यांना?"

आणि ती हसली. खरंच हसली, पदर तोंडाला लावून. मला हसू येईना, रडू थांबेना, असं काहीतरी विचित्रच झालं. आम्ही दोघी त्या रिकाम्या वर्गात, दोन भेदरलेल्या बायका, मध्ये ते फडकं.

मी विचारलं, "आता काय करायचं?"

"लुगडी काय माझ्याकडे कमी आहेत? तासाभरात दुसरं करते."

"पण ते खोटं..."

"तू तुझी शाळा बघ. कानबाईचं मी बघते." असं म्हणून ती उठली. जाताना फडक्याकडे बोट केलं, हात मात्र लावला नाही. "हे मी आता घरात नेणार नाही. हवं तर परत लाव. पण ह्यांना कळता कामा नये. आणि बाई, पोरीला चोपड्याला न्यायचं ते माझ्या हातात नाही. त्यात मला धरू नको."

पोरं यायच्या आत मी तो तुकडा परत शिवला. माझा टाका तिरपाच गेला.

दुपारच्या एस.टी.ने मी सासरी गेले, सोमवारची रजा टाकून. आमच्याकडची कानबाई बसली, गाणी झाली, रोट झाला. मी नारळाच्या डोळ्यांकडे एकदाही बघितलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "पोर वाळली गं, तिकडे खायला मिळत नाही का?" माझ्या मनात एकच. तिकडे आत्ता पेटी उघडली असेल. तिकडे आत्ता आबा नारळापुढे बसले असतील. नव्या हळदीचा वास त्यांना कळेल का? नात काही बोलून गेली तर? सात वर्षांचं लेकरू, किती दिवस पोटात ठेवणार?

मंगळवारी सकाळी मी गोधडी अंथरली. पोरं आली, सवयीने आपापल्या जुन्या बाजूलाच बसली, मधली जागा मोकळी. आबांची नात आली नाही.

साडेदहा झाले. अकरा वाजले. मी फळ्यावर पाढा लिहीत होते, तो तिसऱ्यांदा चुकला, पोरांनी तिसऱ्यांदा सांगितलं. आणि दारात सावली पडली. आबा. हाताशी नात. तिच्या अंगात निळ्या फुलांचं झबलं.

आबांनी जोडे बाहेर काढले. आत आले. शाळा समितीचे असूनही ते कधी आत येत नसत, बाहेरूनच विचारपूस करून जायचे. गोधडीच्या कडेने चालत मध्यापर्यंत आले आणि थांबले. खाली बघितलं. पिवळा तुकडा, तिरपे टाके, काळपट हात.

 माझ्या हातातला खडू मोडला त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला असणार.

"हाऊ हात कोना शे?" आबांनी विचारलं.

नात आजोबांकडे बघत होती. मी फळ्याला पाठ टेकली. दाराजवळून भिलाटीतली ती मुलगी उभी राहिली. तिला काय माहीत होतं? काहीच नाही. तिला विचारलं, तिने सांगितलं. "मना शे, आबा." आणि हात वर करून दाखवला. तळहातावर चिकाचा डाग अजून होता.

आबा त्या हाताकडे बघत राहिले.  नातीने त्यांचं बोट सोडलं, गोधडीच्या कडेकडेने दाराशी गेली आणि त्या मुलीच्या शेजारी जाऊन बसली. तिला खाली ओढून बसवलंही.

आबा वळले. आता म्हणतील, ऊठ. आता म्हणतील, चल घरी. मी डोळे मिटून घेतले होते, खोटं कशाला बोलू.

"आठे वारा लागस," आबांचा आवाज आला. दाराशी वारा लागतो म्हणत होते. "मझार सरका बठ्ठा."

आत सरका सगळे. पोरं सरकली. फळ्यापुढची आणखी पुढे सरकली, खिडकीपाशीची मध्ये आली, दाराशीची आत आली. दोघी मुली सरकत सरकत त्या पिवळ्या तुकड्यापर्यंत आल्या आणि त्यावरच बसल्या. मी डोळे उघडले ते तेव्हा.

आबांनी ते बघितलं का, त्यांना फडकं ओळखू आलं होतं का, अक्काने काही सांगितलं होतं का, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि नंतरही कधी विचारायचा धीर झाला नाही. ते जोडे घालताना एवढंच म्हणाले, "रडून रडून घर डोक्यावर घेतलं हिने. राहू द्या यंदा इथंच. पुढच्या साली बघू." आणि खिशातून खडूची पेटी काढून उंबऱ्यावर ठेवून गेले.

पुढच्या साली बघू. म्हणजे मला आणखी वर्षभर भ्यायचं होतं.

मी हजेरीपट उघडला. पहिलं नाव घ्यायला गेले तर घशातून आवाजच निघेना. नुसती हवा. दोनदा प्रयत्न केला. पोरं माझ्याकडे बघत होती. मग पहिल्या नंबरचा पोरगा माझी वाट न बघता स्वतःच ओरडला, "एक, हजर." त्याच्या मागोमाग दुसरा. मग तिसरी. सगळा वर्ग आपापला नंबर आपणच म्हणत गेला, आणि मी मान खाली घालून खुणा करत राहिले.